कलम १०० पथक, स्टेशन परिसर : प्रकल्प नोंदी

४ जून

पोलिस ठाण्यात पहिली एकत्र बैठक. पीआय साहेब, एक सहायक फौजदार, एक महिला अंमलदार, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या सिस्टर, बेघर निवारा केंद्राचे व्यवस्थापक आणि सामाजिक कार्यकर्ता म्हणून मी. बसलो होतो स्टेशन परिसरात भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठीच्या पथकाच्या कामाची वाटणी करायला. सगळा वेळ एकाच प्रश्नात गेला : माणूस उचलला तर ठेवायचा कुठे?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम १०० वाचून दाखवलं. हद्दीत भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं मानायला कारण असेल, किंवा आजारामुळे तिच्यापासून तिला वा दुसऱ्याला धोका असेल, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रभारीचं कर्तव्य आहे. का घेतोय ते तिला सांगायचं. जमेल तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं. लॉकअप किंवा तुरुंग कुठल्याही परिस्थितीत नाही.

पीआय साहेब म्हणाले, "रात्री दोनला सापडला आणि गाडी बंदोबस्तात असली तर चोवीस तास काय बाकावर बसवू?" प्रश्न रास्त आहे. बाकावर बसवलेला माणूस तासाभरात उठतो, ओरडतो, मग कुणीतरी त्याला आत ढकलतो. म्हणून ठरलं की ठाण्यात आणायचंच नाही. जागेवरून थेट जिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग, आणि स्टेशन डायरीची नोंद फोनवरून. २४ तास ही शेवटची मर्यादा आहे, तेवढा वेळ काढायची सवलत नव्हे, हे फौजदार साहेबांनीच अंमलदारांना समजावलं. माझ्यापेक्षा त्यांचं लवकर ऐकलं गेलं.

जुन्या लोकांच्या डोक्यात अजून १९८७चा कायदा आहे. तेव्हा मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून आदेश घ्यावा लागे. आता कलम १०० खाली आणलेल्या माणसाच्या तपासणीसाठी तो लागत नाही. कलमाची प्रत ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच्या काचेखाली लावून घेतली.

९ जून

परिसराची पाहणी. स्टेशनचा मामला हद्दीचा आहे. फलाट लोहमार्ग पोलिसांचा, रेल्वेच्या मालमत्तेचं बघणार आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल), बाहेरचा रिक्षा स्टँड शहर पोलिसांचा. पादचारी पुलाचा एक जिना आत उतरतो, दुसरा बाहेर. माणूस मात्र पावसाप्रमाणे जागा बदलतो. लोहमार्ग ठाण्याला पत्र द्यायचं : ज्याच्या हद्दीत दिसला त्याने पथकाला फोन करावा, हद्दीचं नंतर बघू.

आजचा मुख्य मुद्दा वेगळाच. इथे झोपणाऱ्यांतले बहुतेक जण आजारी नाहीत. हमाल आहेत, नाक्यावर काम मिळवणारे मजूर आहेत, घरातून निघालेले म्हातारे आहेत. बेघर असणं हा आजार नाही आणि आजार असला तरी प्रत्येकाला उचलावं लागत नाही. धोका नसेल तेव्हा कलमात दोन अटी आहेत, आजाराची शंका आणि स्वतःची काळजी न घेता येणं. दुसरी सगळे विसरतात. एका अंमलदाराने सुचवलं की बाकीच्यांना भीक प्रतिबंधक कायद्याखाली गृहात पाठवू. १९५९चा तो कायदा महाराष्ट्रात अजून आहे, पण पाहणीत केलेल्या आमच्या यादीवरून ते सुरू झालं तर आम्हाला पाहताच पूल रिकामा होईल. यादी पथकाबाहेर द्यायची नाही, असं लेखी ठरवून घेतलं. यादीत नावं नाहीत, फक्त जागा आणि खूण.

१७ जून

गणवेश की साधे कपडे, यावर चर्चा झाली होती. फौजदार साहेब साध्या शर्टात आले. पायात तपकिरी बूट तेच. पुलाखालच्या पोराने बूट बघून "पोलिस" म्हटलं आणि चौघे उठून गेले. पुढच्या फेरीपासून चप्पल.

गणवेश अजिबातच नको असंही नाही. रात्री पुलावर बायकांना त्रास देणारे दोघे गणवेश पाहूनच पांगतात. त्यामुळे दिवसा साधे, रात्री उशिराची फेरी गणवेशात.

जिन्याखालच्या ताई : वय पन्नाशीचं असावं. चार गाठोडी. एकटीच बोलतात, भाषा कळत नाही. आम्ही जवळ गेलो की गाठोडी ओढून घेतात. नळावर पाणी भरतात, तोंड धुतात, रस्ता ओलांडताना थांबतात, दुपारी एका टपरीवाल्याकडून पाव घेतात. उचलायचं का? नाही. आजार दिसतोय, पण काळजी घेणं चालू आहे. मॅडमनी (महिला अंमलदार) रोज ड्युटी सुटताना पाच मिनिटं थोड्या अंतरावर बसायचं ठरवलं. गाठोड्यांना हात लावायचा नाही, हा नियम सफाई कामगारांनाही सांगून ठेवला. आजवर तिथून पळून गेलेले बरेच जण गाठोडं कचऱ्यात टाकलं गेल्यावरच पळालेत, असं टपरीवाला सांगतो.

२ जुलै

रात्री डायल ११२ वरून फोन : "फलाटाबाहेर वेडा माणूस, लोकांच्या अंगावर धावतोय." साठीचे बाबा. घामाघूम, हात थरथरतायत, हवेतलं काहीतरी पकडतायत, भिंतीवर किडे आहेत म्हणतायत. अंमलदार थेट मनोरुग्णालयाला फोन करायच्या बेतात. सिस्टरनी आधी बोटाला टोचून साखर बघितली. साखर बरी, नाडी १३०, अंग गरम. हमालांना विचारलं. बाबा रोज पिणारे. दोन-तीन दिवसांपासून पैसे नाहीत म्हणून थेंब नाही.

दारू एकदम तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणारा हा वात, म्हणजे डिलिरियम. मनोविकार वॉर्डच्या आधी याला मेडिसिन वॉर्ड लागतो, नाहीतर माणूस दगावू शकतो. अपघात विभागात सलाइनमधून ग्लुकोज द्यायच्या आधी थायमिन दिलं, मग लोरॅझेपाम.

यावरून पथकासाठी एक क्रम पक्का केला. बडबड, भ्रम, आक्रमकपणा दिसला की पहिल्यांदा शरीर बघायचं : साखर, ताप, डोक्याला मार, फिट येऊन गेली का, शेवटची दारू कधी, अंगावर कुठे जखम. अचानक, दोन दिवसांत बदललेला माणूस हा अनेकदा शरीराच्या आजाराचा असतो. वर्षभर तसाच दिसणारा वेगळा. हे हमाल आणि टपरीवाले सांगू शकतात, डॉक्टर नाही. म्हणून फोन आला की पहिला प्रश्न "काय करतोय?" हा नाही, "हा कधीपासून असा आहे?" हा.

बाबा बरे होऊन वॉर्डातून सुटले. दाखल ठेवण्याइतका मानसिक आजार नाही असं डॉक्टरांनी लिहिलं, तर बेघर माणसाला सरकारी निवाऱ्यात पोहोचवणं पोलिसांकडेच येतं. तेही त्याच कलमात आहे. फौजदार साहेबांनी सोडलं. बाबा तिथे टिकतील असं मला वाटत नाही, पण खाट मिळाली.

१५ जुलै

तरुण मुलगा, रुळांवर चालत होता, लोहमार्ग पोलिसांनी थांबवला आणि ठरल्याप्रमाणे फोन केला. इथपर्यंत सगळं बिनचूक. अपघात विभागात ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "कोर्टाची ऑर्डर आणा, नातेवाईक आणा, मग बघू." कलम दाखवलं तर म्हणाले, "मला वरून लेखी पाहिजे." मुलगा स्ट्रेचरवर, दोन पोलिस दाराशी, आणि आम्ही एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये. पहाटे दाखल झाला.

डॉक्टरांना नुसता दोष देऊन भागत नाही. नातेवाईक नसलेला रुग्ण म्हणजे त्याच्याजवळ बसणारं कुणी नाही, औषध आणणारं नाही, आणि बरा झाल्यावर कुठे सोडायचं हे माहीत नाही. खाट अडून राहील ही त्यांची भीती खरी आहे. पोलिस "पोचपावती द्या" म्हणून उभे, डॉक्टर "जबाबदारी कुणाची" म्हणून अडलेले. दोघांनाही पाठ टेकायला काहीतरी कागद हवा असतो.

म्हणून एक पानी हस्तांतर पत्रक तयार केलं. वर चार वेळा लिहायच्या : कुठे-कधी दिसला, संरक्षणात कधी घेतला, रुग्णालयात कधी पोहोचला, डॉक्टरांनी कधी तपासला. खाली अंगावरच्या जखमा, जवळच्या वस्तू, बोलण्याची भाषा, त्याला कारण सांगितलं का. सर्वात खाली निवारा केंद्र चालवणाऱ्या संस्थेची सही, की डिस्चार्जनंतरच्या जागेचं आम्ही बघतो. जिल्हा शल्यचिकित्सकांनी परिपत्रक काढलं आणि पत्रक त्याला जोडलं. त्या शेवटच्या सहीने जे झालं ते कलमाच्या प्रतीने झालं नव्हतं.

२३ जुलै

अंमलदारांचं प्रशिक्षण. अर्धा दिवस मिळाला. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९८७ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक मानसिक आजारी तरुण मेला, आणि त्यानंतर १९८८ पासून तिथे निवडक पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली. ते सांगून आणखी वेळ मागितला. मिळणार नाही. व्याख्यान काढून टाकलं आणि उभं राहून सराव घेतला : एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी मागे राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे, काठी गाडीत, निघायची वाट अडवायची नाही, त्याला ऐकू येणाऱ्या आवाजाबद्दल वाद घालायचा नाही आणि "मलाही येतो" असं खोटंही बोलायचं नाही. एका हवालदाराने विचारलं, "आणि चाकू असला तर?" तर अंतर वाढवायचं, लोकांना हटवायचं, वेळ काढायचा आणि कुमक मागवायची. हे त्यांना आधीपासून येतं, जमावापुढे करतातच. एका माणसासमोर तेच करायला लाज वाटते, एवढंच.

८ ऑगस्ट

वरून फोन. दौरा आहे, स्टेशनसमोरचा फूटपाथ आणि पुलाचा जिना "मोकळा" हवा, "तुमचं पथक आहेच, घेऊन जा सगळ्यांना रुग्णालयात." फौजदार साहेबांनी फोनवर शांतपणे विचारलं, "साहेब, प्रत्येकाच्या डायरी नोंदीत कारण काय लिहू? आणि डॉक्टरांनी आजार नाही म्हणून परत दिले तर संध्याकाळी त्यांना कुठे पोहोचवू?" पलीकडून विषय बदलला.

तरी सकाळी पालिकेची गाडी आलीच. जिन्याखालच्या ताईंची दोन गाठोडी गेली. मॅडम गाडीमागे डेपोपर्यंत गेल्या. एक मिळालं.

२० ऑगस्ट

आठवडाभर पाऊस. ताईंचा उजवा पाय सुजलेला, घोट्याच्या वर जखम, त्यात अळ्या. नळावर जाणं बंद, पाव घेणं बंद, बसल्या जागी लघवी. दोन्ही अटी पूर्ण होतात, आता थांबायचं कारण नाही. सकाळी दहाला निर्णय, दुपारी संरक्षणात घेतलं. ही अटक नव्हे, पण बाईमाणसाला मॅडमशिवाय हलवायचं नाही असा आमचा नियम आहे, म्हणून मॅडमची वाट पाहिली.

मॅडम खाली बसल्या आणि पायाकडे बोट दाखवून मराठीतच सांगितलं, "ताई, पाय सडतोय, दवाखान्यात नेते, गाठोडी बरोबर घेऊ." ताईंना किती कळलं कोण जाणे. कारण सांगितलं ही नोंद मात्र नुसत्या रकान्यापुरती केलेली नाही. ताईंनी एक गाठोडं मॅडमच्या हातात दिलं. बाकीची स्वतः धरली. स्ट्रेचरवर गाठोड्यांसकट.

वॉर्डात पहिला प्रस्ताव केस कापायचा आला. उवा आणि जटा पाहता ते सोयीचं होतं. पण सक्तीचं मुंडण कायद्याने बंद आहे, आणि स्वतःचे कपडे घालायचा हक्कही आहे. सिस्टरनी औषध लावून फणी घेतली, दोन दुपारी घालवल्या. काही जटा ताईंनीच कात्री मागून कापल्या.

दाखल कलम ८९ खाली, म्हणजे निर्णय घ्यायला भरपूर आधार लागणाऱ्या रुग्णाला दाखल करण्याची तरतूद, पहिल्यांदा फार तर ३० दिवस. मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर, दोघांनी वेगवेगळी तपासणी केली. नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाला निर्णयात आधार देणारी व्यक्ती) कुणीच नाही, म्हणून मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने नेमणूक करेपर्यंत निवारा केंद्राच्या संस्थेतली कार्यकर्ती तात्पुरती प्रतिनिधी. स्त्रीला दाखल केल्याची माहिती पुनर्विलोकन मंडळाला तीन दिवसांत द्यावी लागते, पुरुषासाठी सात. त्याच संध्याकाळी पाठवली.

५ सप्टेंबर

ताईंची 'मिसिंग' नोंदवायला गेलो. ठाणे अंमलदार चक्रावले : "बाई वॉर्डात आहे, मग हरवलं कोण?" कलम १०० मध्ये स्पष्ट आहे, बेघर किंवा भटकताना सापडलेल्या मानसिक आजारी व्यक्तीसाठी हरवल्याची प्रथम खबर नोंदवायची आणि कुटुंब शोधायची जबाबदारी ठाण्याची. हरवली आहे ती कुठल्यातरी गावच्या लेखी. खबर देणारा कोण, हा रकाना अडला तेव्हा फौजदार साहेबांनी स्वतःचं नाव घातलं.

मला विचाराल तर अख्ख्या कायद्यात पोलिसांचं खरं काम हे. माणूस उचलायला चार जण आणि गाडी पुरते. पण परराज्यातल्या ठाण्याने फोन उचलावा, चौकीदाराला गावात पाठवावं, हे संस्थेच्या फोनने होत नाही. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवण्याचं काम वर्षानुवर्षं केलंय, त्यासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. घरं सापडतात, हे त्यांनी दाखवून दिलंय. आपल्या ठाण्यांना अजून ते स्वतःचं काम वाटत नाही.

२२ सप्टेंबर

औषधाला तीन आठवडे झाले. ताई झोपतात, जेवतात, आवाज कमी आहेत. भाषेचा पत्ता सिस्टरच्या युक्तीने लागला. गोळ्या हातावर ठेवून मोजायला सांगितलं. "ओकटी, रेंडु, मूडु." गाव-नाव विचारलं की माणूस घाबरतो, आकडे मात्र आपल्याच भाषेत मोजतो. वॉर्डातल्या एक मावशी सोलापूरच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्या रात्रपाळीला ताईंशेजारी बसल्या आणि सकाळपर्यंत गावाचं नाव, भावाचं नाव, घरामागचं तळं, सगळं कागदावर होतं.

त्या नावाची गावं नकाशावर दोन राज्यांत दिसतात. फौजदार साहेबांनी एकेक ठाणं धरलं.

फोटोवरून थोडी तणातणी. एका अंमलदाराला तो सगळ्या ग्रुपवर टाकायचा होता, "तासाभरात सापडेल." सापडेलही. पण उपचार घेणाऱ्याचा फोटो संमतीशिवाय माध्यमांकडे जाता कामा नये, आणि ग्रुपवर टाकलेला फोटो संध्याकाळी कुठे असेल याची हमी कुणी देत नाही. ताईंना विचारलं. भावाला दाखवा म्हणाल्या, बाकी कुणाला नको. फोटो ठाण्यातून ठाण्यात गेला, एकाच अधिकाऱ्याच्या नंबरवर.

११ ऑक्टोबर

भाऊ सापडला. आई आहे. नवऱ्याने दुसरं लग्न केलंय. भावाचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता, आजाराचाही नव्हता : "पुन्हा निघून गेली तर लोक आम्हाला विचारतील." त्याला धीर देण्यापेक्षा माहिती देणं बरं. मागच्या वेळी औषध कधी थांबलं, झोप उडाल्यावर किती दिवसांनी घर सोडलं, हे त्याच्याकडूनच काढलं. झोप गेली की थांबायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं, एवढं त्याने लिहून घेतलं.

त्याने नकार दिला असता तरी ताई रुग्णालयातच राहिल्या नसत्या. घरचे नाहीत किंवा स्वीकारत नाहीत, एवढ्या कारणासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, हे कलम १९ सांगतं. पण मग जायचं कुठे, याला आपल्या जिल्ह्यात निवारा केंद्राशिवाय उत्तर नाही, आणि तिथे रोज गोळी देणारं कुणी नाही. निम्म्या वाटेवरचं घर (हाफवे होम, रुग्णालयातून सुटलेल्यांना राहायची जागा) मागणारा प्रस्ताव पाठवलाय. त्याचं पुढे काय झालं ते ज्यांच्या टेबलावर आहे त्यांना माहीत.

मॅडमची परराज्यात जायची परवानगी यायला वेळ लागला, तोवर ताई थांबल्या. मॅडम आणि सिस्टर सोबत गेल्या. बरोबर महिन्याची औषधं, डिस्चार्ज कार्ड, तेलुगूत लिहिलेलं पत्र (मावशींनी सांगितलं, त्यांच्या भाच्याने लिहिलं), त्या जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, तिथे तेलुगूतही बोलतात. तिथल्या जिल्हा पथकाला निघण्याआधी फोन केला, तारीख घेतली. तारीख न घेता पोहोचवलेला माणूस औषध संपेपर्यंतच घरी असतो.

२८ ऑक्टोबर

जिल्ह्याच्या अहवालात आमच्यासाठी एकच रकाना : "किती मनोरुग्ण उचलले." हा आकडा वाढला तर काम चांगलं की वाईट? पुलाखालचे एक काका उचललेच नाहीत. ते आता दर महिन्याला स्वतः सिस्टरकडे इंजेक्शनला येतात, आमच्या दृष्टीने सगळ्यात चांगली केस तीच. अहवालात ते शून्य. आम्ही खाली स्वतःचे रकाने जोडले : न उचलता उपचाराला लागलेले, शरीराचा आजार निघालेले, संरक्षणापासून तपासणीपर्यंतचा वेळ, मिसिंग नोंद झाली का, घरी गेल्यावर तीन महिन्यांनी औषध चालू आहे का. अहवाल परत येईल तेव्हा येईल.

३ नोव्हेंबर

फौजदार साहेबांची बदली. ऑर्डर आजची, रुजू परवा. परराज्यातल्या ठाण्यांचे नंबर त्यांच्या खाजगी फोनमध्ये होते. बसून सगळे ठाण्याच्या नोंदवहीत उतरवले. पीआय साहेबांनी नवीन हवालदार दिले आणि यापुढे पथकात एकाच वेळी दोघांची बदली होणार नाही असं बघतो म्हणाले. लेखी मागितलं. हसले, पण टिपण काढलं.

नवीन हवालदार पहिल्या फेरीला बूट घालूनच आले. पुलाखालच्या काकांनी त्यांना विचारलं, "ते साहेब कुठे गेले?" हवालदार उत्तर द्यायला खाली बसले, ते बरं झालं. लोहमार्ग ठाण्याचं हद्दीचं पत्र अजून सहीला आहे, उद्या त्यांना घेऊन तिकडे जायचं. साखरेच्या स्ट्रिप्स संपत आल्यात, मागणीपत्र सिस्टरकडे दिलंय.